पार्बताबाई आणि साडेसहा कोटी वर्षांची गोगलगाय

ब्रह्मपुरीच्या ज्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तिथल्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक जाड नोंदवही आहे. तिच्या एका पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : ‘महिला परिचर पार्बताबाई यांच्या निष्काळजीपणामुळे नमुन्यांची सरमिसळ झाली.’ खाली माझी सही. अक्षर सुरेख आहे. खोटं लिहिताना माणूस अक्षराकडे जास्त लक्ष देतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या एका ओळीसाठी हे लिहितो आहे. पण ओळीपाशी जाण्याआधी बाई कोण होत्या ते सांगायला हवं. इतकी वर्षं त्या वहीत त्यांच्याविषयी एवढी एकच ओळ होती, आणि ती खोटी होती.

बाई उंचीला माझ्या खांद्याइतक्या. हिरवं नाहीतर जांभळं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि दोऱ्यानं मानेला बांधलेला चष्मा. तो डोळ्यांवर कमी आणि छातीवर जास्त असे. हसताना त्यांचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. प्राचार्यांच्या भाषणात आमच्या ओळीतले खांदे हलायला लागले की मी मान वळवून दुसरीकडे बघायचो, नाहीतर मलाही हसू फुटायचं. नदीकाठच्या गावाहून त्या रोज शेअर जीपनं यायच्या. पाऊण तासाचा रस्ता. घरी दीड एकर धान आणि परसात हळदीचे वाफे.

माझा विषय म्हणजे जमिनीवरच्या बारीक गोगलगायी. गोगलगाय म्हटलं की लोकांना पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर चढणारी आठवते. माझ्या गोगलगायी मोहरीएवढ्या, काही तर खसखशीएवढ्या. जंगलातल्या पालापाचोळ्यात, सालीखाली, दगडाच्या फटीत त्या जगतात आणि मेल्या की मागे शंख ठेवून जातात. त्या शंखांवरून जात ओळखायची, नाव लावायचं, डबीत भरायचं, हे माझं काम. त्यासाठी मी गडचिरोलीच्या पलीकडच्या जंगलातून पोती भरभरून पाचोळा आणत असे.

बाई पहिल्यांदा विभागात झाडायला आल्या तेव्हा मी आणि दोन विद्यार्थिनी असाच पाचोळा टेबलावर पसरून बसलो होतो. सकाळपासून चिमट्यानं एकेक पान उलटत होतो. दुपारपर्यंत सात शंख मिळाले होते, त्यातला एक मातीचा खडा निघाला. बाई झाडू घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

“सर, हा कचरा इथचाच हाय का बाहेरून आनला?”

“आणलाय. गडचिरोलीच्या पलीकडून.”

“बसनं?”

“बसनं.”

“कंडक्टर काई नाई म्हनला?”

“खत आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.”

“बरं केलं बाप्पा. खरं सांगतलं असतं तं जंगलातच उतरवून देल्लं असतं.”

मग त्या जवळ आल्या, बशीतले सहा शंख पाहिले आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. झाडणं उरकलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी जीपमधून उतरल्या त्या काखेत सूप आणि चाळणी घेऊन.

पुढचं मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, फक्त कुणाकडून शिकलो ते सांगायचं राहून गेलं. बाईंनी पाचोळा उन्हात खडखडीत वाळवला. चाळणीनं मोठी पानं काढली. उरलेला चुरा सुपात घेऊन पाखडला, तशी पानांची भुकटी उडून गेली. मग सूप तिरपं धरून त्या हलक्या हातानं घोळायला लागल्या. माती एका बाजूला, रेती दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध एक पांढुरकी रेघ जमत गेली. ती रेघ म्हणजे शंख. अर्ध्या तासात चहाची बशी भरली. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो.

“तांदळातला खडा ज्या बाईले दिसत नाई, तिच्या हातचं कोन खाईन?” एवढंच त्या म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

त्या दिवसापासून निवडण्याचं काम त्यांच्याकडे गेलं. थोड्याच महिन्यांत वर्गीकरणही गेलं, पण ते मी कबूल करायला फार वेळ लावला.

गोगलगायीच्या शंखाला जिथून जीव बाहेर येतो त्या उघड्या भागाला तोंड म्हणतात. आमच्या शास्त्रात बारीक गोगलगायींची जात ठरवताना वेटोळी मोजतात, उंची-रुंदी मोजतात, पण खरा निवाडा तोंडावर होतो. तोंडाची कड जाड की पातळ, आत दात आहेत का, किती आणि कुठे. हे मी पुस्तकांतून शिकलो. बाईंनी भिंगाखाली दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, पाठीकून पाह्यलं तं साऱ्या सारख्याच. मार्कंड्याच्या जत्रेत बायका पाठीकून सारख्याच दिसते ना, तसं. तोंड पायजे पाहाले.”

त्यांना लॅटिन नावं जमेनात. मग त्यांनी आपली नावं लावली, आणि त्यासाठी आमचा स्टाफ वापरला. पोट मोठं, तोंड रुंद आणि तोंडात एकही दात नाही, ती ‘प्रिन्सिपॉल साहेब’. सगळ्यांची वेटोळी उजवीकडे आणि हिची एकटीची डावीकडे, ती आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट, कारण कुठल्याही अर्जावर त्यांचं पहिलं उत्तर ‘नाही’ असे. तोंडात पाच दात आणि त्यातला एक मधोमध आडवा, ती त्यांची स्वतःची सासू. आणि एक सुईसारखी बारीक, काचेसारखी पांढरी, जमिनीखाली राहणारी, उजेड कधी न पाहिलेली, ते ‘लायब्ररीवाले भाऊ’. ग्रंथपाल खरोखर तसेच होते.

एकदा प्राचार्य विभागाला भेट द्यायला आले. बाईंनी अदबीनं सूक्ष्मदर्शक पुसला आणि नेमकी ‘प्रिन्सिपॉल साहेब’च लावून ठेवली. साहेबांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

“देखणी आहे,” ते म्हणाले. “भारदस्त. आपल्याच भागातली का?”

“इथचीच हाय साहेब,” मागून बाई म्हणाल्या. “खुर्चीखालीच भेटते.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

बाई नेहमीच बरोबर असत असं नाही, आणि हे त्यांनाच आधी सांगायला आवडलं असतं. एकदा त्यांनी सासूच्या डबीतून चाळीसेक शंख काढून वेगळी जात केली. म्हणाल्या, ह्याईच्या तोंडात दातच नाई. मी त्यांना समजावलं की ही पिल्लं आहेत. शंख पूर्ण वाढतो तेव्हा तोंडाची कड जाड होते आणि मग दात येतात. दात नाहीत म्हणून जात वेगळी धरायची नाही, आधी वय बघायचं.

त्या भिंग बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हंजे मी लेकरायले मायपासून तोडलं?”

“हो.”

“अन् हे माही सासू बी कधी बिनदाताची लेकरू होती?”

दोन दिवस त्या अधूनमधून हे आठवून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी मी एका डबीवर नवीन जात म्हणून चिठ्ठी लावली, तेव्हा त्या येऊन हळूच म्हणाल्या, “सर, वय पाह्यलं का?” पाहिलं नव्हतं. चिठ्ठी काढली.

मार्कंड्याची गोष्ट सांगतो. तिथल्या देवळांच्या जुन्या दगडी जोत्यांवर शेवाळ धरतं आणि त्यात खसखशीएवढ्या गोगलगायी असतात. आम्ही गेलो तो दिवस सोमवारचा, गर्दीचा. मी लाजून दूर उभा. बाई उकिडव्या बसल्या आणि रंगाच्या मऊ ब्रशानं दगड झाडून खाली धरलेल्या परातीत पाडायला लागल्या. थोड्या वेळानं एक बाई येऊन विचारती झाली, “काय व्रत हाय वो माय हे?”

पार्बताबाईंनी मानही वर केली नाही. “डोयाचं. पाच सोमवार दगड झाडा लागते. चष्मा सुटते.”

“तुमचा सुटला?”

“हा काय, गळ्यात हाय. डोयावर हाय का?”

मी जोत्याला वळसा घालून परत आलो तोवर तिघी जणी पदरानं दगड झाडत होत्या, आणि चौथी आपल्या नवऱ्याला हाक मारत होती. बाईंनी परात माझ्या हातात दिली. “चला सर. आज पाच बाया लागल्या कामाले. तुमच्या कालेजात येवढा स्टाफ नाई.”

जंगलातल्या गोगलगायींबरोबर मी जीवाश्मांच्याही मागे लागलो होतो. वरोऱ्याकडच्या कापसाच्या शेतांत काळ्या मातीखाली फार जुन्या तळ्यांचा गाळ आहे, लाव्हा वाहत होता त्या काळातला. त्यात दगड झालेले शंख सापडतात. दगड झालेली डायनासोरची विष्ठाही सापडते. मी एक गोळा बाईंच्या हातात देऊन सांगितलं की हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं शेण आहे.

“कोनाचं?”

“डायनासोरचं. घराएवढे प्राणी होते. सरड्याच्या जातीचे.”

“म्हंजे मोठी पाल.” त्यांनी गोळा उलटसुलट केला. “आन् पडलं तवा कोनी उचललं नाई. गोवऱ्या थापल्या असत्या तं गावाले वर्सभर पुरल्या असत्या.”

मग त्यांनी तो जिभेला लावला. मी ओरडलोच. त्या शांतपणे म्हणाल्या, “चिकटते. जुनी वस्तू जिभेले चिकटते. नवी चिकटत नाई.” ही परीक्षा खरी आहे. जुनं हाड, जुना शंख आतून सच्छिद्र झालेला असतो, तो जिभेचं पाणी ओढतो. भूशास्त्राचे लोक हे गुपचूप करतात. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते मडक्याच्या खापरीवरून कळलं होतं.

आता ती ओळ.

त्या वर्षी वरोऱ्याकडून आणलेला मऊ गाळ आम्ही पाण्यात भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन वाळवला. त्यात नेहमीचे काळपट, खडूसारखे भुसभुशीत शंख निघाले, आणि त्यांच्यात अकरा सुया. पांढऱ्या, काचेसारख्या, अर्ध्या सेंटिमीटरच्या. मी त्या दोनदा मोजल्या. एवढ्या जुन्या थरातून अशी जमिनीवरची गोगलगाय कुणीच नोंदवली नव्हती. माझी बढती अडलेली होती आणि शोधनिबंध हवा होता, हेही सांगून टाकतो.

बाईंनी भिंगातून पाहिलं. “सर, हे तं लायब्ररीवाले भाऊ.”

“त्यांच्यासारखी दिसते. पण ही दगडातून निघाली.”

“दगडातून नाई, दगडाच्या भेगेतून. माह्या हळदीच्या वाफ्यात हात-दीड हात खाली भेटते हे. भेग दिसली का घुसते. आंधळीच ते. तिले कसं समजन का आपन मोठ्या पालीच्या घरी आलो?”

मी हसलो. त्यांनी एक सुई उचलून जिभेच्या टोकाला लावली आणि माझ्यापुढे बोट धरलं. “चिकटत नाई. हे नवी हाय. मागच्या साली मेली असन.”

“बाई, शास्त्र जिभेवर चालत नाही.”

“मंग कायच्यावर चालते?” त्यांनी विचारलं.

मी निबंध लिहिला. जमिनीत बिळं करणाऱ्या बारीक गोगलगायी जुन्या थरांत शिरून फसवतात, हे आमच्या विषयातलं पहिल्या वर्गातलं दुखणं आहे. मी ते दुसऱ्यांना शिकवलं होतं. नव्या जातीला मी संस्थेच्या अध्यक्षांचं नाव दिलं. अध्यक्षांनी लगेच सत्कार ठरवला, माझा आणि स्वतःचा. मंडपात मोठा फलक लागला, एका बाजूला अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचा गोगलगायीचा. बाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “नाव खाली लिवाले पायजे होते सर. लोकाईले समजन कसं?”

कार्यक्रमाला या विषयातले एक वयस्कर जाणकार बाहेरून बोलावले होते. बोलायला मऊ, हातानं सावकाश. मंडपात जाण्याआधी त्यांनी नमुना पाहायला मागितला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मग एका काचेच्या बशीत थेंबभर पाणी मागितलं आणि एक सुई त्यात सोडली. चहा आला, आम्ही तो प्यायलो. त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि खुर्चीवरून उठून मला जागा दिली.

शेवटच्या वेटोळ्यात वाळून दोरा झालेलं काहीतरी तपकिरी पाण्यानं फुगलं होतं. मऊ झालं होतं. ते मांस होतं.

“सर,” पाहुणे अगदी हळू म्हणाले, “साडेसहा कोटी वर्षं ही इतकी ताजी कशी राहिली?”

दारात प्राचार्य होते. “काय झालं? अध्यक्ष निघालेत घरून.”

कोपऱ्यात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन पार्बताबाई उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं मला : मी चुकलो, आणि मला आधीच सांगितलं गेलं होतं. मी म्हणालो, “नमुन्यांचा ट्रे बदललेला दिसतोय. आताच्या आणि जुन्या नमुन्यांची सरमिसळ झाली आहे.”

“कुणी केली?” प्राचार्यांनी विचारलं.

मी तोंडानं कुणाचंच नाव घेतलं नाही. फक्त कोपऱ्याकडे पाहिलं.

सत्कार झाला. अध्यक्षांना सांगितलं की निबंध तांत्रिक कारणानं थांबला आहे. फलक मात्र दोन दिवस तसाच राहिला. सोमवारी प्राचार्यांनी लेखी मागितलं आणि मी त्या निळ्या वहीत लिहून दिलं. बाईंना विभागातून काढून मुलींच्या विश्रांतिकक्षात टाकलं. कपाटाची किल्ली द्यायला त्या आल्या तेव्हा मी एकटाच होतो.

“सर, ट्रे बदलला नवता.”

“मला माहीत आहे.”

त्यांनी एक सुस्कारा टाकला, सुटका झाल्यासारखा. “मंग ठीक हाय. मले वाटलं तुमाले खरंच तसं वाटून राह्यलं का काय. तसं असतं तं येवढे वर्सं शिकवलं ते पानीच होतं.”

किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या. मी त्यांच्याजागी असतो तर आदळआपट केली असती. बाईंनी दुसरं केलं. पंधरा दिवसांनी शिपायाच्या हाती एक काड्यापेटी आली. आत कापसावर एक सुई, आणि बाईंच्या चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात चिठ्ठी : ‘आज सकाळी मेली.’ पुढच्या पावसाळ्यात दुसरी : ‘हे अजून मेली नाई. घाई करू नोका.’ पेटी उघडली तर खरोखर एक जिवंत सुई कापसावरून सावकाश चालली होती. अशा चार पेट्या आल्या. पाचवीच्या आधी बाई निवृत्त झाल्या.

कॉलेजात त्यांना शेवटपर्यंत ‘मिसळबाई’ म्हणत. मुलं हसत आणि बाईही त्यांच्याबरोबर हसत, म्हणून मी समजून घेतलं की त्यांना काही वाटत नाही. हे समजून घेणं मला सोयीचं होतं.

यंदा विभागाच्या तरुण प्रमुख बाईंचा मला फोन आला. आमचा संग्रह एका मोठ्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं. तिकडून नकार आला होता. संग्रहालयाच्या लोकांनी निळी वही वाचली होती. एकशे बासष्ट डब्या, सगळ्या एकाच बाईनं निवडलेल्या, आणि तिच्याच हातून सरमिसळ झाल्याची विभागप्रमुख म्हणून माझ्या सहीची नोंद. कुठल्या जंगलातला, कुठल्या थरातला, याचा भरवसा नसेल तर शंख म्हणजे नुसता चुना. ‘टाकून द्यावा,’ असं पत्रात होतं. प्रमुख बाईंनी विचारलं, “सर, टाकू?”

मी म्हणालो, “येतो.”

तीन दिवस बसून मी एकशे बासष्ट डब्या तपासल्या. गडचिरोलीच्या पलीकडच्या, नदीकाठच्या, वरोऱ्याच्या. एक तरी चूक सापडावी असं वाटत होतं की सापडू नये असं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी एक सापडली. एका डबीत दोन ठिकाणचे शंख एकत्र होते. चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं.

मग मी संग्रहालयाला दोन पानी पत्र लिहिलं. ट्रे कधीच बदलला नव्हता, ओळख माझी चुकली होती, पार्बताबाईंनी मला सुया सापडल्या त्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, आणि दोष टाळायला मी त्यांच्यावर शेरा लिहिला. प्रमुख बाईंसमोर निळ्या वहीतली ती ओळ खोडली आणि खाली हेच लिहिलं. या वेळी अक्षर वाकडं आलं. संग्रहालयानं कळवलं की डब्या पाठवा.

दोन्ही कागदांची प्रत घेऊन मी जीपमध्ये बसलो. पाऊण तासाचा रस्ता. मला त्याला अकरा वर्षं लागली.

बाईंच्या अंगणात सात-आठ बाया लाखोरीचं कडधान्य निवडत बसल्या होत्या. बाई मधोमध. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा गेलेला. मला फाटकातूनच ओळखलं.

“या सर. लय म्हातारे झाले जी तुम्ही.”

“तुम्ही नाही झालात?”

“मी पहिलेच होती. तुमाले आता समजलं.”

मी बाजेवर बसलो आणि कागद वाचून दाखवला. सगळा, सहीसकट. बाया हात थांबवून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी केली. मग बाईंची सून वनिता म्हणाली, “हे पहिले काऊन नाई आनलं जी? पेरनीच्या आंदी आख्ख्या गावाचं बियानं आत्याच्या हातानं निवडून जाये. कालेजातली गोष्ट जीपनं गावात आली अन् लोकाईनं बियानं आनाचं बंद केलं. म्हने, तिथी मिसळ केली, इथी बी करन.”

हे मला माहीत नव्हतं. वहीतल्या ओळीनं फार तर कपाटातली डबी अडते, असं मी धरून चाललो होतो.

“वनिता, चूप बस ना,” बाई म्हणाल्या. मग लाखोरीचा मूठभर दाणा सुपात टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तो कागद तुमच्या कालेजचा. ह्या बायाईले कागद नाई समजत. तोंडानं सांगा.”

मी उभा राहिलो. “पार्बताबाईंच्या हातून कधीच सरमिसळ झाली नाही,” मी म्हणालो. “मी खोटं लिहिलं होतं.”

“मंग चूक कोनाची?” एका बाईनं विचारलं.

“माझी.”

“जोरानं सांगा सर,” पार्बताबाई म्हणाल्या. “भितीजवळ ते शांताबाई हाय ना, बहिरी हाय. तिच्या घरचं बियानं मी वीस वर्सं निवडलं.”

भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी माझ्याकडे निर्विकार बघत होती. मी आवाज चढवला. “चूक माझी होती! बाईंची नव्हती!”

शांताबाईंनी कानामागे हात धरला आणि मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून.

“अजून थोडं,” पार्बताबाई म्हणाल्या.

मी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचो त्या आवाजात ओरडलो. “चूक माझी! मी खोटं बोललो! बाई बरोबर होत्या!” शेजारच्या घरातून एक गडी बाहेर आला. रस्त्यावरून सायकलनं चाललेला माणूस पाय टेकून थांबला. त्यानं गड्याला विचारलं काय झालं, आणि गड्यानं त्याला सगळं सांगितलं, नावासकट. आता शांताबाईंनी समाधानानं मान डोलावली.

मी बाजेवर बसलो. घसा पार कोरडा पडला होता. शेजारी बसलेल्या वनिताकडे वाकून, दुसऱ्या कुणाला त्रास नको म्हणून, मी अगदी हळू विचारलं, “थोडं पाणी मिळेल का?”

वनिता उठायच्या आधी भिंतीजवळून शांताबाई उठल्या, रांजणातून तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे धरला. “घ्या सर. लय ओरडा लागलं तुमाले.”

मी पार्बताबाईंकडे पाहिलं. त्या सुपातला एक बारीक खडा बोटांच्या चिमटीत धरून उन्हाकडे करून, एक डोळा मिटून, अतिशय लक्षपूर्वक तपासत होत्या.